डावीकडची चौकट

सोजरबाईंनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला, माझ्या टेबलावरचा कीबोर्ड कोपराने मागे सारला आणि कागद उलगडून पसरला. चारही कोपऱ्यांना वाळलेली खळ होती. आमचंच पोस्टर होतं ते, एसटी स्टँडच्या भिंतीवरून सोलून आणलेलं.

"ही कोण हाय, ताई?" त्यांनी फोटोवर बोट ठेवून विचारलं.

फोटोत त्याच होत्या. फाटक्या लुगड्यात, ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याशी वाकून, वाटीवाटीने घागर भरताना. खाली मोठ्या अक्षरांत मी लिहिलेली ओळ होती : 'सोजरबाईंची घागर अजून रिकामीच आहे.' ही ओळ सुचली त्या दुपारी मी स्वतःवर इतकी खूश झाले होते की अख्ख्या ऑफिसला भजी खाऊ घातली होती.

"तुम्हीच आहात," मी म्हणाले.

"मी अकरा गावचे हापसे दुरुस्त करते. माझी घागर कामून रिकामी राहील?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी दुसरा कागद पोस्टरवर ठेवला. पंचायत समितीची नोटीस होती. पाणीपुरवठ्याच्या उपअभियंत्यांनी स्टँडवर पोस्टर पाहिलं होतं. ज्या मेकॅनिकवर तालुक्याच्या अकरा गावांचे हापसे सोपवले आहेत ती स्वतः खड्ड्यातलं पाणी भरते, म्हणजे तिच्या गावचाही हापसा बंद आहे, तरी खुलासा करावा, असा त्यातला मजकूर होता.

सोजरबाई शिंगाडे हिवरदऱ्याच्या. आठ वर्षांपूर्वी आमच्याच संस्थेने बायकांना हापसा दुरुस्ती शिकवली, तेव्हा सोळा जणी आल्या होत्या आणि टिकल्या त्या एकट्या. पाने, साखळी, वॉशरचा डबा सायकलला अडकवून त्या गावोगाव फिरायच्या. नेमणूक पंचायत समितीची, पण एकेका वर्षाची. दर मे महिन्यात गावच्या ग्रामसभेने 'काम समाधानकारक' असा ठराव दिला की जूनपासून पुढचं वर्ष मिळायचं. यंदा उपसरपंचाचा भाचा आयटीआय करून घरी बसला होता आणि त्याचा अर्ज तयार होता.

"बुधवारी ग्रामसभा हाय," सोजरबाई म्हणाल्या. "तुमी या आन खरं काय ते सांगा. एवढंच काम हाय."

मी लगेच हो म्हटलं. त्यात अवघड काय आहे असंच मला वाटलं.

खरं काय ते आधी इथे सांगते. त्या जानेवारीत मी पुण्याला तीन दिवसांच्या शिबिराला गेले होते. संस्थांची माहितीपत्रकं, अहवाल, बातम्या असलं काम करणाऱ्यांसाठीचं शिबिर. मी एकोणतीस वर्षांची होते आणि तोवर किती बैठका झाल्या, किती शोषखड्डे खणले याचे तक्ते टाईप करत होते. ते कोणी वाचत नसे, मीसुद्धा दुसऱ्यांदा वाचत नसे. शिकवणाऱ्या मॅडम हुशार होत्या. प्रेसनोट एका पानाची ठेवा, पहिल्या ओळीत कोण आणि काय झालं ते सांगा, हजारांबद्दल बोलू नका, एका माणसाबद्दल बोला, त्याचं नाव लिहा. यातलं खोटं काहीच नव्हतं आणि त्यातलं बरंचसं मी अजून वापरते. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला एक सीडी दिली. तिच्यात वार्तापत्राचा तयार साचा होता. पानाच्या मध्यावर दोन चौकटी, डावीकडची 'आधी', उजवीकडची 'नंतर'. फोटो टाकायचे, चार ओळी लिहायच्या, पान तयार.

उजवीकडच्या चौकटीसाठी माझ्याकडे सोजरबाईंचे डझनभर फोटो होते. हातात पाना, खांद्याला पिशवी, मागे हापशावर बायकांची रांग. डावीकडची चौकट मात्र मोकळी राहिली. आठ वर्षांपूर्वी हिवरदऱ्यात कॅमेरा कोणाकडे असणार? कुठल्याही शहाण्या माणसाने चौकट उडवली असती. पण मी शिबिर करून आले होते ना. मी माणसालाच चौकटीत बसवायला निघाले.

फेब्रुवारीत संस्थेचा नवा डिजिटल कॅमेरा घेऊन मी हिवरदऱ्याला गेले आणि सोजरबाईंना म्हटलं, एखादं जुनं लुगडं असेल तर नेसा, घागर घ्या, ओढ्याकडे जाऊ. त्यांना आधी कळेचना. कळल्यावर त्या म्हणाल्या, "हे खोटं न्हाई का व्हणार?"

"खोटं कसं?" मी म्हणाले. "आठ वर्षांपूर्वी असंच भरत होता ना पाणी?"

"भरत हुते. तवा रडू येत हुतं, आता हसू येतंय."

"हसू नका, फोटो बिघडेल."

त्यांनी मरून गेलेल्या सासूचं लुगडं ट्रंकेतून काढलं. हापशाचं ओलं वंगण नखांत अडकलेलं होतं, ते मी त्यांना राखेने घासायला लावलं. झिरा बुजून गेला होता, तो आम्ही दोघींनी उकरला. चाळीस फोटो काढले तेव्हा कुठे एकात त्या हसत नव्हत्या. संमतीपत्रावर त्यांनी न वाचता सही केली, कारण कागद माझ्या हातून आला होता. तो मजकूरही माझाच होता. कुठल्याही माध्यमात, कुठल्याही स्वरूपात, कितीही वेळा.

मार्चच्या वार्तापत्रात दोन्ही चौकटी शेजारीशेजारी आल्या आणि सगळ्यांनी वाहवा केली. एप्रिलमध्ये उन्हाळी मोहिमेची पोस्टरं करायची होती. आमच्या संस्थेचे प्रमुख शिरीषदादा पडद्याकडे बघत म्हणाले की उजवीकडचा फोटो काढून टाक, सुखात असलेली बाई पाहून कोणी मदत करत नाही. खोटं कशाला सांगू, ते माझ्याही मनात येऊन गेलं होतं. मी माऊस हलवला आणि आठ वर्षांचं काम पानावरून पुसून टाकलं.

तर सोजरबाई निघून गेल्यावर मी नोटीस घेऊन शिरीषदादांकडे गेले. त्यांनी ती दोनदा वाचली, कपाट उघडलं आणि आधी संमतीपत्र बाहेर काढलं. सही आहे म्हणाले. मी म्हटलं, सहीचा प्रश्नच नाही, बुधवारी ग्रामसभेत जाऊन मला सांगायचंय की हा फोटो आम्ही घडवून काढला.

"घडवून हा शब्द वापरायचा नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी मला समोर बसवून समजावलं. ते कधी आवाज चढवत नसत. ज्यांच्या मदतीवर संस्था चालते त्यांच्या कानावर हे गेलं तर यापुढे आपला एकही फोटो, एकही आकडा कोणी खरा धरणार नाही. चाळीस जणांच्या नोकऱ्या आहेत, तुझी त्यात आहे. सोजरबाईंवर अन्याय होऊ द्यायचा नाहीच, म्हणून आपण पत्र देऊ. त्यांनी पत्र तिथल्या तिथे सांगितलं आणि मी ते टाईप केलं. 'सदर छायाचित्र प्रातिनिधिक स्वरूपाचे असून ते तालुक्यातील पाणीटंचाईच्या सर्वसाधारण परिस्थितीचे निदर्शक आहे.' वाचून मला बरं वाटलं. त्या वाक्यात कोणी कोणाला लुगडं नेसवलेलं नव्हतं.

बुधवारी सकाळी दहाला हिवरदऱ्याच्या शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा भरली. साठसत्तर माणसं होती, बायका एका बाजूला. सरपंच विश्वंभरअप्पा म्हातारे आणि सरळ गृहस्थ. त्यांच्या शेजारी उपसरपंच मांडीवर पोस्टर ठेवून बसले होते. सोजरबाई बायकांत न बसता खांबाला टेकून उभ्या होत्या. मला पाहून त्यांनी मान हलवली आणि त्या निवांत झाल्या. ते मी पाहिलं. इतक्या वर्षांत बाकी पुष्कळ विसरले, पण त्या निवांत झाल्या ते विसरले नाही.

मी पत्र वाचलं. प्रातिनिधिक म्हणजे काय ते कोणालाच कळलं नाही आणि ते कळू नये म्हणूनच तो शब्द घातलेला होता. अप्पांनी पोस्टर हातात घेतलं.

"ही सोजराच हाय ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"आन झिरा आपल्याच वढ्यातला?"

"हो."

"फोटू कवाचा?"

"फेब्रुवारीतला."

"ह्याच साली?"

"ह्याच."

चारही उत्तरं खरी होती. चारही खरी उत्तरं देऊन मी त्या बाईला झिऱ्यावर नेऊन उभं केलं होतं. उपसरपंचांनी भोवती पाहून विचारलं की मग आता शिल्लक काय राहिलं. गावात तीन हापसे चालू आहेत, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, तिथे बसलेला प्रत्येक माणूस त्याच हापशाचं पाणी पिऊन आला होता. पण फेब्रुवारीत वरच्या आळीचा हापसा दोन दिवस बंद होता, तेव्हा ही बाई गुपचूप ओढ्यावर जात असेल, असं कोणीतरी म्हणालं. बाकीच्यांना ते पटायला लागलं. छापलेल्या कागदाचा जोर असा असतो.

"ताईनं नेलतं मला," सोजरबाई खांबापासून पुढे आल्या. "फोटूसाठी. लुगडं नेसा म्हनल्या, झिरा उकरा म्हनल्या. इचारा त्यास्नी."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. अप्पांनी विचारलं, "खरं का, बाई?"

एकच वाक्य बोलायचं होतं. हो, मी नेलं होतं. तालुक्यातून येताना एसटीत ते मी मनात दहा वेळा म्हणून पाहिलं होतं. पण माझ्या हातात संस्थेचं पत्र होतं, खाली शिरीषदादांची सही होती, आणि माझ्या खोलीचं भाडं, घरी पाठवायचे पैसे, पुण्याच्या पुढच्या शिबिराला माझं लागलेलं नाव, सगळं त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे येऊन उभं राहिलं.

"संस्थेचं म्हणणं पत्रात दिलेलं आहे," मी म्हणाले.

मागून एक म्हातारा म्हणाला, "शिकल्याली बाई कशाला खोटं बोलंल?" त्याने ते वाईट मनाने म्हटलं नव्हतं. ठराव पुढे ढकलला गेला. उपअभियंत्यांना कळवायचं ठरलं की ग्रामसभेने शिफारस केलेली नाही. सोजरबाई व्हरांडा उतरून सायकलकडे गेल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं झालं होतं आणि चोर पत्राची घडी घालून पर्समध्ये ठेवत होता.

मी मागच्या दाराने निघाले. शाळेच्या फाटकाशी त्या सायकल आडवी लावून उभ्याच होत्या. त्या ओरडतील, रडतील, शिव्या देतील, कशालाही माझी तयारी होती. खरं म्हणजे त्यांनी द्याव्यात असं मला वाटत होतं.

"बसा," त्या म्हणाल्या. "वही काढा."

"सोजरबाई, माझं ऐकून घ्या..."

"लई ऐकलं. आता मी सांगते, तुमी लिवा."

फाटकाजवळ कडुनिंबाखाली पार होता, तिथे मी बसले. त्यांनी विचारलं, पेपरात द्यायचं आणि साहेबाला द्यायचं असेल तर सुरुवात कशी करतात. मी सांगितलं, पहिल्या ओळीत कोण आणि काय झालं ते येऊ द्या, एका पानात संपवा. त्यांनी डोकं हलवलं आणि सांगायला लागल्या. हापशाचा दोष सांगावा तसं एकामागून एक, न अडखळता. मी दोन ओळी लिहिल्या आणि त्यांनी वही ओढून घेतली. सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या, अक्षर लावून वाचायच्या.

"'छायाचित्राची पुनर्मांडणी करण्यात आली.' हे मी कवा बोलले?"

"त्याचा अर्थ तोच होतो."

"न्हाई व्हत. मी बोलले, ताईनं खोटा फोटू काढला. तसं लिवा."

मी खोडलं आणि तसं लिहिलं. पुढे त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं मांडलं ते असं : 'मी सोजरबाई शिंगाडे, हापसा मेकॅनिक, माझी नेमणूक खोट्या फोटोमुळे अडली आहे. हा फोटो संस्थेच्या रेवती कुलथे यांनी मला सासूचं लुगडं नेसवून फेब्रुवारीत काढला. बुजलेला झिरा आम्ही दोघींनी उकरला. आज ग्रामसभेत त्यांना विचारलं तर त्या गप्प बसल्या. माझ्याकडचे अकरा गावचे हापसे साहेबांनी येऊन बघावेत. एक जरी बंद असला तर मला काढावं.'

माझं नाव लिहिताना पेन थांबलं. नावाऐवजी 'संस्थेच्या कार्यकर्तीने' एवढंच लिहिलं तर चालेल का, असं मी विचारलं.

"पोस्टरवर माजं नाव हाय, का नुसतं 'एक बाई' लिवलंय?" त्यांनी विचारलं.

मी नाव लिहिलं. त्यांनी सही केली आणि पेन परत माझ्या हातात दिलं. "खाली तुमी करा. म्हंजे तुमचं बी म्हननं त्यात आलं."

ती सही करायला मला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. सोजरबाई तोवर सायकलच्या चाकातली हवा दाबून बघत होत्या. त्यांनी मला घाई केली नाही, विनवलंही नाही. तासाभरापूर्वी सत्तर माणसांसमोर जे तोंडातून निघालं नव्हतं ते शेवटी एका पारावर कोणी बघत नसताना कागदावर आलं. त्याला मी धाडस म्हणत नाही. कोणी म्हटलं तर मला राग येतो.

त्याच दुपारी मी तालुक्याला परतले, मजकूर टाईप केला, तीन प्रती काढल्या. एक पंचायत समितीला, एक शिरीषदादांच्या टेबलावर, एक जिल्ह्याच्या पेपरला. कोणत्या बातमीदाराला द्यायचं, किती वाजेपर्यंत पोचलं तर दुसऱ्या दिवशी लागतं, हे सगळं मला पाठ होतं. ती माझी आयुष्यातली सगळ्यात चांगली प्रेसनोट होती आणि तिच्यातला एकही शब्द माझा नव्हता.

पेपरात ती शुक्रवारी आली, एकही शब्द न कापता. सोमवारी उपअभियंता जीप घेऊन निघाले. अकरा गावांत चौतीस हापसे होते, चौतीसच्या चौतीस चालू निघाले. हिवरदऱ्याच्या लोकांनी ठराव बिनविरोध दिला, आम्हाला तर आधीपासून ठाऊक होतं असं म्हणत. संस्थेने पोस्टरं उतरवली आणि पेपरला कळवलं की संबंधित कर्मचारी महिलेने हा प्रकार वरिष्ठांना अंधारात ठेवून केला. शिरीषदादांनी मला बोलावून राजीनामा मागितला, तोही हळू आवाजात. त्यांनी काखा वर केल्या याचं मला आश्चर्य वाटलं नाही. पण त्यांनी दोन वर्षांनी मला भेटल्यावर, 'तू भावनेच्या भरात घाई केलीस,' असं म्हटलं, तेव्हा मात्र मी भर रस्त्यात त्यांच्याशी भांडले.

सामान आवरून गावी जायच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, मी हिवरदऱ्याला गेले. का गेले ते आता स्पष्टच सांगते. मला ऐकायचं होतं. तुमच्यामुळे माझं काम वाचलं, तुम्ही नोकरीवर पाणी सोडलंत, असं काहीतरी. एसटी फाट्यावर सोडून गेली आणि पुढचे तीन किलोमीटर मी उन्हातून चालले. सोजरबाई वरच्या आळीच्या हापशावर एकट्याच काम करत होत्या. वरचं झाकण काढून साखळीला वंगण लावत होत्या. नखं काळी होती.

मी म्हणाले, "माझी नोकरी गेली, सोजरबाई."

"कळलं." त्यांनी झाकण बसवलं आणि बोल्ट आवळायला घेतले.

"तुमचं झालं ना सगळं नीट?"

"हापसे चालू हुते म्हून झालं."

मी उभी राहिले. त्यांनी चारही बोल्ट आवळले, फडक्याने पाने पुसले, एकेक करून पिशवीत ठेवले. मला त्यांचा राग आला होता. इतकं सोसून आले, आणि ही बाई एक शब्द बोलत नाही. तो राग पुढे कितीतरी वर्षं मी जपून ठेवला होता. आता मीच असली शिबिरं घेते, तिथे पोरी मला विचारतात की फोटो घेताना सही कशी घ्यायची, कागदावर काय काय लिहून घ्यायचं, आणि मी त्यांना सांगते, तेव्हा तो राग खरं तर माझ्यावरच होता हे मला कळतं.

"त्या दिवशी आठ पावलांवर हुते मी तुमच्या," सायकलवर पिशवी अडकवताना सोजरबाई म्हणाल्या. "नुसतं व्हय म्हनायचं हुतं."

एवढं बोलून त्या पुढच्या गावाला निघाल्या.

घशाला कोरड पडली होती. हापशावर पाणी प्यायला दोघं लागतात, एकाने दांडा मारायचा, दुसऱ्याने ओंजळ धरायची. त्या दुपारी आळीत कोणी नव्हतं. मी दहाबारा दांडे मारले आणि धावत पुढे जाऊन ओंजळ धरली. धार तोवर बारीक झाली होती. दोन घोट मिळाले. पुन्हा मागे गेले, पुन्हा दांडे मारले, पुन्हा धावले. असं चारपाच वेळा करून जेवढं मिळालं तेवढं प्यायले आणि फाट्याकडे चालू लागले.